काशीची शिरगणती आणि न जुळणारे अहवाल

काही वर्षांपूर्वी एका आढावा बैठकीत माझ्यासमोर दोन अहवाल ठेवण्यात आले. दोन्ही एकाच दिवशी, एकाच डेटाबेसमधून काढलेले. विषय शिष्यवृत्तीचा. एका अहवालापेक्षा दुसऱ्यात लाभार्थी विद्यार्थी जवळजवळ एक पंचमांश अधिक दिसत होते. "सॉफ्टवेअर बिघडले आहे, पुरवठादाराला कळवू या," असे सर्वांचे मत पडले. मी म्हटले, त्याआधी एका शाळेची यादी छापून द्या. ती चाळीस नावे हाताने तपासताच अर्ध्या तासात उलगडा झाला. ज्या मुलांची बँकेत दोन खाती नोंदलेली होती, ती मुले अहवालात दोनदा मोजली जात होती. विद्यार्थ्यांचा तक्ता आणि खात्यांचा तक्ता जोडून येणाऱ्या ओळी मोज, असे संगणकाला सांगितले होते. त्याने ओळीच मोजल्या. आम्हाला मात्र मुले मोजायची होती.

पुढे वाराणसीला जाणे झाले. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली. त्या अरुंद गल्ल्यांतून हिंडताना मनात प्रश्न आला, की या एकमेकांना टेकलेल्या, मजल्यांवर मजले चढवलेल्या घरांतली माणसे पहिल्यांदा कोणी आणि कशी मोजली असतील? शोध घेतला तेव्हा ध्यानात आले, की न जुळणाऱ्या अहवालांचा हाच प्रश्न काशीत दोनशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता, आणि तो ज्या पद्धतीने सुटला ती पद्धत आजही उपयोगी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी डीन या इंग्रज अधिकाऱ्याच्या आदेशावरून शहराचे कोतवाल झुल्फिकार अली यांनी बनारसची मोजदाद केली. त्या काळच्या इंग्रजी ग्रंथांत तिचे आकडे असे आढळतात : विटा-दगडांची, एकापासून सहा मजल्यांपर्यंतची घरे १२ हजार, मातीची घरे १६ हजारांहून अधिक, आणि लोकसंख्या ५,८२,६२५. शेवटचा आकडा पाहा. अगदी एककापर्यंत नेमका. असा आकडा पाहिला की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो आणि तो पुढे प्रश्न विचारत नाही. वस्तुतः कोतवालांनी मोजली होती ती घरे. माणसांची संख्या ही घराच्या प्रकारावरून, मजल्यांवरून धरलेल्या अंदाजाला घरांच्या संख्येने गुणून आलेली होती. एकूण हिशेब केला तर एका घरात सरासरी वीसहून अधिक माणसे पडतात.

पुढे १८२० मध्ये जेम्स प्रिन्सेप हा विशीतला तरुण बनारसच्या टांकसाळीत धातूंचा कस तपासणारा अधिकारी म्हणून आला आणि १८३० पर्यंत तेथे राहिला. १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारा प्रिन्सेप तो हाच. त्याने १८२८-२९ मध्ये शहराची नव्याने शिरगणती केली आणि तिचा वृत्तांत १८३२ मध्ये 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सतराव्या खंडात प्रसिद्ध झाला. त्याच्या मोजणीत घरे भरली सुमारे ३० हजार, आणि शहरातली माणसे सुमारे १ लाख ८० हजार. म्हणजे तीस वर्षांच्या आत शहराचे दोनतृतीयांश लोक नाहीसे झाले की काय? तसा कोणताही दुष्काळ वा साथ काशीवर आलेली नव्हती.

येथे शोधाची रीत पाहण्यासारखी आहे. दोन अहवालांत तफावत दिसली की प्रथम काय जुळते ते पाहावे. घरांची संख्या जवळपास जुळत होती. तेव्हा कोतवालांची घरमोजणी विश्वसनीय होती, दोष पुढच्या पायरीत, म्हणजे दर घरी धरलेल्या माणसांत होता. प्रिन्सेपच्या आकड्यांवरून दर घरी सरासरी सहा माणसे येतात. वीस आणि सहा, सारी तफावत एवढ्यात सामावली आहे. यानंतर तिसऱ्या, स्वतंत्र साधनाने पडताळा घ्यावा. तो आपल्याला आज घेता येतो : १९०१ च्या जनगणनेत बनारसची लोकसंख्या २,०९,३३१ होती. शतकभरानंतरची ही संख्या पाहता प्रिन्सेपचा आकडा वास्तवाच्या जवळचा होता, यात शंका राहत नाही.

आजच्या डेटाबेसमध्ये आणि त्यावर बसवलेल्या बिझनेस इंटेलिजन्स सॉफ्टवेअरमध्ये आढळणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ असेच असते. सर्व्हर बंद पडतो, पासवर्ड चालत नाही, अहवाल उघडायला वेळ लागतो, या तक्रारी लवकर कळतात आणि लवकर सुटतातही. जो अहवाल झटकन उघडतो, रंगीत आलेख दाखवतो आणि चुकीचा असतो, तो अधिक घातक. मोजलेला आकडा आणि अंदाजाने काढलेला आकडा एकाच स्तंभात बसतात. माहिती न मिळालेल्या जागी शून्य लिहिले जाते आणि सरासरी खाली येते. दिनांकातील दिवस व महिना यांची अदलाबदल होते. 'पाटील' आणि 'पाटिल' ही दोन माणसे होतात. यांपैकी कशातही यंत्र लाल दिवा दाखवत नाही.

दुसरे कारण त्याहून खोल आहे. माहिती देणारा ती खरी का देईल? बनारसच्या नागरिकांना १८१० च्या घरपट्टीचा अनुभव होता. त्या कराविरुद्ध लोकांनी दुकाने बंद केली, घरेदारे सोडून हजारोंच्या संख्येने उघड्यावर ठाण मांडले. अखेर १८१२ मध्ये सरकारला तो कर रद्द करावा लागला. ज्या सरकारने घर मोजून कर बसवला, त्याचा माणूस पुन्हा दाराशी आल्यावर घरातल्या माणसांची संख्या कोण मोकळेपणाने सांगेल? नोंदीतला असा दोष कोणत्याही क्वेरीने सापडत नाही. त्यासाठी त्या गल्लीत जावे लागते.

याउलट काशीतच नोंदींची एक जुनी परंपरा आहे : तीर्थोपाध्यायांच्या वह्या. परगावी राहणाऱ्या पुष्कळ मराठी कुटुंबांना त्रिस्थळी यात्रेत याचा अनुभव आला असेल. आडनाव आणि मूळ गाव सांगितले, की गुरुजी नेमकी वही काढतात आणि पणजोबांच्या हातची ओळ समोर येते. यजमानाने आपली माहिती स्वतः सांगायची, पुढच्या पिढीने येऊन ती वाचायची, नवी नावे घालायची, सही करायची. ज्याची नोंद त्यानेच तपासलेली, म्हणून ती टिकली.

सरकारी दप्तरात हे घडले नाही तर काय होते, याचे उदाहरण वाराणसीपासून जवळच्या आझमगढ जिल्ह्यात आहे. लालबिहारी नावाच्या माणसाला १९७० च्या दशकात महसुली कागदांत मृत दाखवून त्याची जमीन नातलगांच्या नावे झाली. आपण जिवंत आहोत हे दप्तराला पटवण्यासाठी त्याने आपल्यासारख्यांचा 'मृतक संघ' काढला, निवडणुकाही लढवल्या. त्याचे नाव पुन्हा जिवंतांत लागले ते १९९४ साली. डेटाबेसच्या दृष्टीने ही एका ओळीतली चूक. राज्याच्या एकूण आकड्यांत ती कधी दिसलीही नसती. त्या माणसाचे मात्र निम्मे आयुष्य तिच्यात गेले. जे हातवहीत झाले, ते संगणकात अधिक वेगाने होऊ शकते, कारण चुकीची ओळ एका दप्तरातून दहा दप्तरांत क्षणात पोहोचते.

म्हणूनच २०१७ साली महाराष्ट्रात संगणकीकृत सातबारा बिनचूक करण्यासाठी गावोगाव चावडी वाचन घेतले गेले, त्याचे मला मोल वाटते. पडद्यावरची नोंद गावासमोर मोठ्याने वाचायची आणि विचारायचे, हे खरे आहे का? पण त्या दिवशी जो गावात नव्हता, त्याची नोंद कोणी तपासली? वाराणसीत, बडोद्यात वा न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी गावच्या जमिनीचा सातबारा वर्षातून एकदा तरी महाभूलेखवर उघडून, जुन्या हस्तलिखित उताऱ्याशी ताडून पाहावा. लेखनप्रमाद आढळल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्तीसाठी तहसीलदाराकडे अर्ज करता येतो.

आणि माझ्या सेवेतील तरुण सहकाऱ्यांना सांगेन, की डॅशबोर्डवरचा आकडा वरिष्ठांना पाठवण्याआधी त्यातील चाळीस नावे छापून घ्या आणि एका गावात जाऊन ती वाचा.