हालचाली ओळखणारा कॅमेरा कोणाचा?

नकाशावरील समोच्च रेषा वर्गात समजावून देणे किती अवघड असते, हे भूगोलाच्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको. एकात एक काढलेल्या वेड्यावाकड्या वर्तुळांतून डोंगर उभा राहतो, हे विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर येतच नाही. अमेरिकेत डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१२ च्या सुमारास यासाठी वाळूचा एक हौद तयार झाला. मुले वाळूचा ढीग रचतात आणि त्यावर लगेच रंगीत समोच्च रेषा उमटतात. ढीग मोडला की रेषाही बदलतात. हौदाच्या वर एक प्रोजेक्टर असतो आणि एक कॅमेरा. हा कॅमेरा मात्र शाळेसाठी बनवलेला नव्हता. व्हिडिओ गेम खेळण्यासाठी तो बाजारात आला होता. खेळाचा कॅमेरा भूगोलाच्या वर्गात कसा पोहोचला, याची ही हकिकत आहे.

जुनी कल्पना, नवे यंत्र

हाताच्या इशाऱ्याने संगणक चालवण्याची कल्पना बरीच जुनी आहे. १९७० च्या दशकात मायरन क्रूगर यांनी 'व्हिडिओप्लेस' ही रचना केली. माणसाची सावलीसारखी आकृती पडद्यावर दिसे आणि पडद्यावरील चित्रे तिच्या हालचालींना प्रतिसाद देत. १९८० मध्ये एमआयटी या संस्थेत रिचर्ड बोल्ट यांनी बोट दाखवून आणि तोंडाने सांगून पडद्यावरील आकार हलवून दाखवले. पण अशा प्रयोगांत एक अडचण राहायची. एक तर हातात किंवा मनगटावर काही उपकरण घालावे लागे, नाही तर कॅमेऱ्याला सपाट चित्रावर भागवावे लागे. सपाट चित्रात हात पुढे आला की बाजूला गेला, हे कळणे कठीण.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने ४ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेत विक्रीस आणलेल्या 'किनेक्ट'ने ही अडचण सुमारे १५० डॉलरमध्ये सोडवली. त्यातील अंतर मोजण्याचे तंत्र प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीचे होते. ते समजण्यासाठी वर्गात एक साधा प्रयोग करता येईल. अंगठा नाकासमोर धरा आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटा. अंगठा इकडून तिकडे सरकल्यासारखा दिसतो. तो जितका जवळ, तितका अधिक सरकतो. किनेक्टमध्ये एका डोळ्याच्या जागी प्रकाश टाकणारे यंत्र असते. ते समोर अवरक्त किरणांचे हजारो ठिपके टाकते. हे ठिपके आपल्याला दिसत नाहीत, पण सुमारे साडेसात सेंटिमीटरवर बसवलेल्या कॅमेऱ्याला दिसतात. प्रत्येक ठिपका ठरलेल्या जागेपासून किती सरकला, यावरून समरूप त्रिकोणांच्या हिशेबाने अंतर निघते. असे अंतराचे चित्र सेकंदाला ३० वेळा तयार होते.

सहा दिवसांची शर्यत

यंत्र स्वस्त होते, पण ते फक्त मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळयंत्राला जोडण्यासाठी होते. साध्या संगणकाला ते जोडले तरी दोघांची भाषा जुळत नव्हती. ही भाषा जुळवणाऱ्या आज्ञावलीला 'ड्रायव्हर' म्हणतात आणि तो कंपनीने दिलेला नव्हता.

विक्री सुरू झाली त्याच दिवशी अॅडाफ्रूट या न्यूयॉर्कच्या छोट्या कंपनीने बक्षीस जाहीर केले. जो कोणी किनेक्टचा ड्रायव्हर लिहून सर्वांसाठी खुला करील, त्याला १,००० डॉलर. मायक्रोसॉफ्टने नाराजी व्यक्त केली आणि छेडछाड रोखण्यासाठी कायद्याची मदत घेण्याची भाषा केली. त्यावर बक्षीस आधी २,००० आणि मग ३,००० डॉलर झाले. १० नोव्हेंबरला किनेक्ट युरोपात आला आणि त्याच दिवशी स्पेनमधील एक्टर मार्टिन यांनी काही तासांत काम फत्ते केले. त्यांच्याजवळ एक्सबॉक्स नव्हताही. कॅमेरा आणि खेळयंत्र यांच्यात जाणाऱ्या संदेशांची अॅडाफ्रूटने जी नोंद प्रसिद्ध केली होती, तीच त्यांनी अभ्यासली.

गंमत पुढेच आहे. या बक्षिसामागे जॉनी ली हे संशोधक होते आणि त्या वेळी ते मायक्रोसॉफ्टमध्ये किनेक्टवरच काम करत होते! संगणकासाठी ड्रायव्हर द्यावा, हे त्यांनी कंपनीला पटवून पाहिले होते. पुढे कंपनी सोडल्यावर २०११ मध्ये त्यांनी हे स्वतःच उघड केले. दरम्यान कंपनीचाही सूर बदलला होता. ही जोडणी मुद्दामच बिनकुलूप ठेवली होती, असे तिचे अधिकारी महिना संपण्यापूर्वीच सांगू लागले.

हत्यारे हाती आली तेव्हा

मार्टिन यांच्या कामाच्या आधारे डेव्हिसच्या ऑलिव्हर क्रायलोस यांनी काही दिवसांतच आपली आज्ञावली लिहिली. वाळूचा हौद त्यांच्याच चमूचा. डिसेंबर २०१० मध्ये प्राइमसेन्सने 'ओपनएनआय' हा खुला संच दिला, आणि जून २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही स्वतःचा विकास-संच मोफत दिला. अशा संचाचे महत्त्व काय? अंतराच्या चित्रातून माणूस शोधणे हे अतिशय किचकट काम आहे. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील संशोधकांनी चित्रातील प्रत्येक बिंदूला शरीराच्या ३१ भागांपैकी एकात बसवणारी पद्धत शोधली होती. संच वापरणाऱ्याला त्यातले काहीच करावे लागत नसे. डोके, कोपर, गुडघा अशा २० बिंदूंची स्थाने त्याला तयार मिळत. हात डोक्यापेक्षा वर गेला तर घंटा वाजव, एवढी आज्ञा विद्यार्थीही लिहू शकत होता.

कुलूप पुन्हा लागते

नोव्हेंबर २०१३ मध्ये अॅपलने प्राइमसेन्स विकत घेतली. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएनआयचे संकेतस्थळ बंद झाले. ओपनएनआयची मूळ आज्ञावली खुली असल्याने तिच्या प्रती इतरांनी जपल्या आणि ती टिकली. पण शरीराचे बिंदू ओळखणारा प्राइमसेन्सचा भाग खुला नव्हता. तो मिळण्याचा अधिकृत मार्गच उरला नाही आणि ज्यांचे काम त्यावर उभे होते त्यांची पंचाईत झाली. ठिपके टाकून अंतर मोजण्याची युक्ती २०१७ च्या आयफोन टेनमध्ये चेहरा ओळखण्यासाठी आली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने किनेक्टचे उत्पादन थांबवल्याचे सांगितले. मार्टिन यांच्या कामातून वाढलेला ड्रायव्हर मात्र सर्वांचा होता, म्हणून जुना किनेक्ट आजही संगणकाला जोडता येतो.

आता साध्या कॅमेऱ्यानेही हाताचे २१ बिंदू ओळखता येतात. गूगलने २०१९ मध्ये त्यासाठी 'मीडियापाइप' हा संच खुला केला. शाळेत नवे उपकरण घेताना आपण किंमत विचारतो, हमी किती वर्षांची ते विचारतो. किनेक्टची हकिकत आणखी एक प्रश्न विचारायला सांगते. उद्या बनवणाऱ्याने हात काढून घेतला, तर हे उपकरण आपल्याला चालवता येईल का? हा प्रश्न विद्यार्थ्यांनाही विचारायची सवय लावावी.