कोविड-१९ साथीतील ईशान्य भारतीय परिचारिकांविरुद्धचा वंशभेद

कोविड-१९ च्या साथीत, विशेषतः २०२० मध्ये, भारतातील महानगरांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या ईशान्य भारतीय परिचारिकांना आणि इतर स्थलांतरितांना चेहरेपट्टीवरून ‘चिनी’ किंवा ‘कोरोना’ ठरवून अपमानाची व भेदभावाची वागणूक मिळाली. त्याच काळात डॉक्टर व परिचारिकांना रोग पसरवणारे समजून भाड्याची घरे सोडायला सांगण्याचे प्रकारही देशात अनेक ठिकाणी घडले. ईशान्य भारतातून आलेल्या परिचारिकेच्या वाट्याला हे दोन्ही संशय एकदम आले. व्यवसायावरून होणाऱ्या छळाविरुद्ध टाळेबंदी सुरू झाल्यापासून महिन्याच्या आत कायदा झाला; वंशावरून होणाऱ्या छळासाठी मात्र स्वतंत्र गुन्हा निर्माण झाला नाही.

पार्श्वभूमी

मणिपूर, नागालँड, मिझोराम, अरुणाचल प्रदेश आदी राज्यांतील तरुण-तरुणी शिक्षण व रोजगारासाठी दिल्ली, कोलकाता, बंगळूर, मुंबई, पुणे या शहरांत येतात. रुग्णसेवा, हॉटेल, विमानसेवा व सौंदर्यप्रसाधन ही त्यांच्या रोजगाराची नेहमीची क्षेत्रे आहेत. चेहऱ्यावरून हिणवले जाण्याचा त्यांचा अनुभव साथीच्या कितीतरी आधीचा आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये हल्ल्यांच्या अफवांमुळे बंगळूर, पुणे, चेन्नई व हैदराबाद येथून हजारो ईशान्य भारतीय रेल्वेने गुवाहाटीकडे परतले होते. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचल प्रदेशातील निडो तानिया या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ फेब्रुवारी २०२० रोजी रोगाला ‘कोविड-१९’ हे नाव दिले. रोगाच्या नावात स्थळाचा किंवा समाजाचा उल्लेख येऊ नये, असे संघटनेचे २०१५ पासूनचे धोरण होते. तरीही ‘चिनी विषाणू’ हा शब्दप्रयोग अनेक देशांत रूढ झाला.

महाराष्ट्रातील स्थिती

साथीच्या भीतीतून होणारी प्रत्येक टाळाटाळ वंशभेद नसते. उदाहरणार्थ, हिंगोली जिल्ह्यात २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत मालेगाव व मुंबई येथील बंदोबस्तावरून परतलेल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांना मोठ्या प्रमाणावर लागण झाल्याचे आढळले. बाधित शहरांतून आलेल्यांबद्दलच्या धास्तीमागे असा प्रत्यक्ष संपर्काचा आधार होता, मग ती कितीही अतिरेकी असो. इंफाळहून आलेल्या व्यक्तीचा वुहानशी असा कोणताच संबंध नव्हता. तिच्याबाबत चेहरा हाच पुरावा मानला गेला.

एप्रिल २०२० मध्ये मुंबईच्या सांताक्रूझ पूर्व भागात दुचाकीवरून जाणारा एक इसम मणिपूरच्या तरुणीवर थुंकला. राष्ट्रीय महिला आयोगाने या घटनेची दखल घेतली, वाकोला पोलिसांनी गुन्हा नोंदवला व पुढे आरोपीला अटक केली. आदल्याच महिन्यात दिल्लीतही एका मणिपुरी तरुणीवर ‘कोरोना’ म्हणत थुंकल्याची घटना घडली होती. या दोन्ही घटनांतील तरुणी रस्त्याने जात होत्या. त्या काय काम करतात हे पाहिले गेले नव्हते.

मुंबईतील खाजगी रुग्णालयांचा भार मोठ्या प्रमाणावर परप्रांतीय, मुख्यत्वे केरळी, परिचारिकांवर आहे. एप्रिल २०२० च्या सुरुवातीस मुंबई सेंट्रल येथील एका खाजगी रुग्णालयात २६ परिचारिका व ३ डॉक्टर बाधित आढळल्यावर ते रुग्णालय प्रतिबंधित क्षेत्र घोषित झाले. वसतिगृहातील दाटी आणि संरक्षक साधनांचा तुटवडा हे प्रश्न त्या वेळी पुढे आले. परप्रांतीय परिचारिकेला आजारपणात गावी जाता येत नाही आणि शहरात घरमालक दारात उभे करत नाही, ही अडचण केरळी व मणिपुरी दोघींना सारखीच होती. मणिपुरी परिचारिकेला त्यात रस्त्यावरील शेरेबाजीची भर पडली.

कोलकात्यातून परतणे

या विषयातील सर्वांत ठळक घटना कोलकात्यात घडली. मे २०२० च्या मध्यास तेथील खाजगी रुग्णालयांतील सुमारे १८५ मणिपुरी परिचारिका राजीनामे देऊन गावी निघाल्या. पाठोपाठ इतर राज्यांतील परिचारिकाही गेल्या आणि ही संख्या ३०० च्या वर पोहोचली. वांशिक शेरे, अंगावर थुंकण्याचे प्रकार, शेजाऱ्यांचा व घरमालकांचा जाच, संरक्षक साधनांचा अभाव, वेतनातील अडचणी आणि घरच्यांची काळजी अशी कारणे त्यांनी सांगितली. राज्याने त्यांना परत बोलावलेले नाही, असे मणिपूरचे तत्कालीन मुख्यमंत्री एन. बिरेन सिंह यांनी स्पष्ट केले. साथ वाढत असताना रुग्णालयांना प्रशिक्षित मनुष्यबळ गमवावे लागले. अवमानाची किंमत अशी रुग्णांनाही मोजावी लागली.

इतर देशांत

अमेरिकेत चिनी, फिलिपिनो व इतर आशियाई वंशाच्या परिचारिकांना रस्त्यात व रुग्णांकडूनही शिवीगाळ झाल्याच्या तक्रारी आल्या. अशा घटना नोंदवण्यासाठी मार्च २०२० मध्ये ‘स्टॉप एएपीआय हेट’ हा उपक्रम सुरू झाला. तेथील नोंदणीकृत परिचारिकांत फिलिपिनो सुमारे ४ टक्के असताना, कोविडने मृत्यू पावलेल्या परिचारिकांत त्यांचे प्रमाण ३१.५ टक्के असल्याचे नॅशनल नर्सेस युनायटेड या संघटनेने सप्टेंबर २०२० मध्ये दाखवले.

कायदेशीर स्थिती

केंद्रीय गृह मंत्रालयाने २१ मार्च २०२० रोजी सर्व राज्यांना सूचनापत्र पाठवून ईशान्य भारतीयांचा कोविडशी संबंध जोडून होणारा छळ रोखण्यास सांगितले. हे पत्र सूचनेपुरतेच होते. २२ एप्रिल रोजी निघालेल्या अध्यादेशाने १८९७ च्या साथरोग अधिनियमात दुरुस्ती केली. मूळ कायदा मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळचा. दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसा दखलपात्र व अजामीनपात्र ठरली. तिला ३ महिने ते ५ वर्षे कारावास व ५०,००० ते २ लाख रुपये दंड, तर गंभीर दुखापतीस ६ महिने ते ७ वर्षे कारावास अशी तरतूद झाली. राहण्याच्या व कामाच्या परिस्थितीवर परिणाम करणारा छळही हिंसेच्या व्याख्येत आला. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने ही दुरुस्ती संमत केली.

त्यामुळे परिचारिकेला घराबाहेर काढणाऱ्यावर ती परिचारिका आहे म्हणून कारवाई शक्य झाली, ती मणिपुरी आहे म्हणून नव्हे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये ‘वंश’ हा शब्द आहे, परंतु भेदभावाची मुख्य मनाई राज्यसंस्थेला उद्देशून आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याचे संरक्षण अनुसूचित जाती-जमातींपुरते असून मणिपुरातील बहुसंख्य मैतेई समाज अनुसूचित जमातींच्या यादीत नाही. बेझबरुआ समितीने २०१४ मध्ये भारतीय दंड संहितेत १५३-क व ५०९-अ ही नवी कलमे सुचवली होती. ती आली नाहीत. कर्मा दोरजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये अशा घटनांवर देखरेखीसाठी समिती नेमण्याचे निर्देश दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून केलेल्या खुनाचा स्वतंत्र उल्लेख आहे. वांशिक शिवीगाळ व हेटाळणी यांसाठी तसे वेगळे कलम तीत नाही.