राखेची साक्ष

रब्बीच्या हंगामात आपल्या एकाच शिवारात ज्वारी, हरभरा आणि कांदा शेजारी शेजारी उभे असतात. जमीन एक, पाणी एक. तेव्हा तिन्ही पिकांच्या अंगी उतरणारी खनिजेही सारखीच असतील, असे आपल्याला सहज वाटते. परंतु पीक जाळून उरणारी राख निराळी साक्ष देते.

आपल्या पूर्वजांनी हा भेद व्यवहारात ओळखला होता. सुश्रुतसंहितेतील क्षार करण्याच्या विधीत आघाडा, पळस, केळ अशा वनस्पती नावानिशी सांगितल्या आहेत. वाटेल ते झाड त्या कामी चालत नसे. या भेदाचा शास्त्रीय उलगडा मात्र एकोणिसाव्या शतकात होऊ लागला. १८०४ साली जिनीव्हाच्या द सोसूर याने दाखवून दिले की, पाण्यात विरघळलेले क्षार मुळे सरसकट ओढीत नाहीत. काही अधिक घेतात, काही कमी. पुढे १८४० साली लीबिगने बजावले की, पिकाने नेलेली खनिजे जमिनीला परत केलीच पाहिजेत.

ही निवड बऱ्याच अंशी कुळावर अवलंबून असते. भात, ज्वारी, ऊस हे गवताच्या कुळातले. त्यांत सिलिका भरपूर, कॅल्शियम बेताचे. इगतपुरीकडील भाताचे तूस जाळले, तर राखेत शेकडा ९० च्या आसपास सिलिकाच सापडेल. हरभरा, मेथी, लसूणघास ही शेंगांच्या कुळातील मंडळी कॅल्शियम अधिक साठवतात. त्यांच्या पेशींच्या भिंतींत पेक्टिन अधिक असते आणि ते कॅल्शियमला धरून ठेवते. कांद्याची ओढ गंधकाकडे. तो चिरताना डोळ्यांत पाणी आणणारे द्रव्य हे गंधकाचेच संयुग होय. २००३ साली ब्रॉडली व त्याच्या सहकाऱ्यांनी अनेक सपुष्प वनस्पतींतील कॅल्शियम ताडून पाहिले, तेव्हाही कुळाकुळांतील हा फरक स्पष्ट दिसला.

हा विषय केवळ विद्वानांचा नव्हे. नुसत्या कडब्यावर ठेवलेली दुभती गाय कॅल्शियमला मुकते; लसूणघासाची जोड मिळाली की ती उणीव बरीच भरून निघते. निफाडचा द्राक्षबागाईतदार मातीबरोबर पानाचे देठही तपासून घेतो, ते याचसाठी. जमिनीत काय आहे हे माती सांगेल; वेलीने त्यातले काय उचलले, हे वेलच सांगेल.

लासलगावच्या बाजारात आम्ही कांदा विकतो, तेव्हा आमच्या रानातले गंधक आणि पोटॅशही त्याच गाडीतून जाते. पैशाचा हिशेब आम्ही चोख ठेवतो. मातीच्या या खात्याची वहीही आम्हीच लिहिली पाहिजे. नाही तर पुढल्या पिढीच्या हाती येईल ती रिती जमीन.