जास्वंदीची फांदी : पवनाकाठच्या अंगणांचा नोंद नसलेला इतिहास

#इतिहास #धागा

१/ रहाटणीतील एखादे जुने बैठे घर पाडून तेथे इमारत उभी राहणार असते, तेव्हा दारे-खिडक्यांना गिऱ्हाईक मिळते, सागवानी वासे विकले जातात. अंगणातल्या जास्वंदीला मात्र कोणी विचारत नाही. जेसीबीच्या पहिल्याच फेरीत ती जाते. नुकसान किरकोळ वाटते. या झाडाचा इतिहास ठाऊक असल्यास ते तितके किरकोळ वाटणार नाही.

२/ आंब्याचे झाड गेले तरी कोय उरते. पिंपळ तर भिंतीच्या फटीतूनही पुन्हा उगवतो. आपल्या नेहमीच्या लाल जास्वंदीला मात्र बहुधा बी धरत नाही. पेशींतील गुणसूत्रांचे संच अनेक असल्याने बीजधारणा क्वचितच होते. फूल जेमतेम एक दिवस टिकते. नवे झाड फांदी लावूनच करावे लागते. म्हणजेच अंगणातली प्रत्येक जास्वंद ही दुसऱ्या एखाद्या अंगणातून तोडून आणलेली फांदी असते, आणि ते झाडही त्याआधीच्या फांदीचेच.

३/ ही साखळी मागे नेत गेल्यास तिचे पहिले टोक हाती लागत नाही. ही जास्वंद रानटी अवस्थेत कोठेच आढळत नाही. लिनियसने १७५३ मध्ये तिचे नाव 'हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस', म्हणजे 'चीनचा गुलाब' असे ठेवले, ते ती चिनी असावी या समजुतीतून. अलीकडे काही संशोधक प्रशांत महासागरातील बेटांवरच्या जातींच्या संकराकडे निर्देश करतात. तिला ओळखू लागल्यापासून माणसाने तिला पाहिले आहे ते लागवडीतच.

४/ भारतात तिचा मान जुना आहे. संस्कृतात ती 'जपा' किंवा 'जवा'. कालिदासाने 'मेघदूता'त उज्जयिनीच्या महाकाल मंदिरावर उतरणाऱ्या मेघाला सायंकाळची लाली चढते, ती ताज्या जपापुष्पासारखी म्हटली आहे. नवग्रहस्तोत्रात सूर्याच्या कांतीलाही याच फुलाची उपमा आहे. उपमा तेव्हाच चालते, जेव्हा ऐकणाऱ्याने ते फूल पाहिलेले असते.

५/ महाराष्ट्रात जास्वंद म्हटले की गणपती आठवतो. गणपती अथर्वशीर्षात मात्र लाल फुलांनी पूजिलेला असे वर्णन आहे. फुलाचे नाव तेथे नाही. लाल रंगाचे, मोठे आणि जवळजवळ बारमाही मिळणारे फूल अंगणातच असेल, तर निवड कोणत्या फुलाची होणार हे उघड आहे. रहाटणीपासून थोड्याच अंतरावर, चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींची संजीवन समाधी आहे. गणेशभक्तीच्या या परिसरात रोजच्या पूजेने जास्वंदीला दारात जागा मिळवून दिली.

६/ जास्वंदीच्या छापील इतिहासातही एक जवळचा धागा आहे. कोचीचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर सिद्ध केलेला 'होर्तुस मलबारिकुस' हा १२ खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला प्रसिद्ध झाला. त्याच्या दुसऱ्या खंडात जास्वंदीचे चित्र आणि वर्णन आहे. पुढे लिनियसने या ग्रंथाचा आधार घेतला.

७/ त्या ग्रंथामागे इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य होते. तसेच रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी ब्राह्मण वैद्यही होते. या तिघांनी १६७५ मध्ये दिलेली साक्ष ग्रंथात नागरी लिपीतील कोकणीतच छापली आहे. झाडे ओळखणाऱ्या स्थानिक माणसांची नावे युरोपीय ग्रंथात अशी टिकून राहणे ही त्या काळातील दुर्मीळ गोष्ट होय.

८/ युरोपात जास्वंद पोहोचली, पण तेथील थंडी तिला मानवेना. लंडनच्या चेल्सी औषधी उद्यानाचा प्रमुख फिलिप मिलर याच्याकडे ती १७३१ मध्ये वाढत होती. त्यासाठी शेगडीने ऊब दिलेले काचघर लागे. गोठणाऱ्या थंडीत हे झाड मरते, आणि पारा १० अंशांच्या आसपास उतरला की त्याची वाढ थांबते. पवनाकाठच्या अंगणात जे आपसूक फुलते, त्यासाठी लंडनमध्ये इंधन जाळावे लागत होते.

९/ पुढे मॉरिशस बेटावर चार्ल्स टेलफेअर याने १८२० च्या सुमारास तेथील स्थानिक जातीशी जास्वंदीचा संकर केला. त्यानंतरच्या शतकात हवाई बेटांवर अशा संकरांचा छंदच लागला. रोपवाटिकांत आज 'हायब्रीड' म्हणून मिळणाऱ्या पिवळ्या, केशरी, दुरंगी जास्वंदींची वंशावळ या बेटांमधून येते.

१०/ याच काळात पवनेच्या काठी एक सरकारी प्रयोग सुरू झाला. रहाटणीवरून पुढे वाहत जाणारी पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. तेथे कॅप्टन फोर्ड याचा बंगला होता. ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईत इंग्रजांना येऊन मिळालेली दापोडीची पलटण याच फोर्डची. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ मध्ये ही जागा सरकारसाठी घेतली आणि तेथे वनस्पती उद्यान उभे राहिले.

११/ परमुलखातील झाडे येथे रुजतात का ते पाहणे, औषधी वनस्पती वाढवणे, रोपे व बियाणे वाटणे ही या उद्यानाची कामे होती. १८३८ मध्ये स्कॉटिश शल्यवैद्य अलेक्झांडर गिब्सन त्याचा अधीक्षक झाला. जुन्नर भागातील हिवरे येथील बागही त्याच्याच देखरेखीखाली होती. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. जंगलतोडीच्या परिणामांविषयी सरकारला सावध करणाऱ्या आरंभीच्या अधिकाऱ्यांत त्याची गणना होते.

१२/ १८४७ ते १८५० या वर्षांत गिब्सनने उद्यानातील वनस्पतींची चित्रे एका भारतीय चित्रकाराकडून काढून घेतली. अशी सुमारे १७० चित्रे आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पती उद्यानात आहेत आणि 'दापुरी चित्रे' या नावाने अभ्यासकांना परिचित आहेत. अधीक्षकाचे नाव, पद, पत्रव्यवहार सारे उपलब्ध आहे. चित्रकाराचे नाव मात्र कोठे लिहिलेले नाही. त्या वाफ्यांना रोज पाणी देणाऱ्या माळ्यांची नावे तर दूरच राहिली.

१३/ गव्हर्नरांचे पुण्यातील निवासस्थान पुढे गणेशखिंडीत गेले. आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत ती हीच. १८६५ मध्ये दापोडीचे उद्यान बंद झाले आणि १८७३ मध्ये गणेशखिंडीत नवे वनस्पती उद्यान सुरू झाले. गव्हर्नरांचा आश्रय, अधीक्षक आणि सरकारी पैसा असूनही दापोडीची बाग ४० वर्षेही टिकली नाही. अंगणांतली जास्वंद टिकली. तिला आश्रय होता तो शेजारणीने मागितलेल्या एका फांदीचा.

१४/ विसाव्या शतकात या साखळीत नवी अंगणे आली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. कारखान्यांत काम करण्यासाठी राज्यभरातून माणसे येथे आली. त्यांच्या नोंदी हजेरीपटांवर आहेत. त्यांनी दारात लावलेली फांदी कोणाकडून आणली, याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही. ती फक्त त्या झाडात आहे.

१५/ म्हणून घर पाडण्यापूर्वी फांदी घेणे हे एका अर्थी दस्तऐवज जपण्याचेच काम आहे. रीत सोपी आहे. पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढी जाड, ना कोवळी ना जून अशी वीतभर फांदी घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या खाली तिरका असावा. वरची दोन पाने अर्धी कापून ठेवावीत, बाकीची काढावीत. वाळू मिसळलेल्या मातीत ती सावलीत लावावी. माती ओलसर राहील, पण पाणी साचणार नाही, असे पाहावे. साधारण सव्वा-दीड महिन्यात मुळे धरतात.

१६/ वाढलेल्या झाडाला दिवसातून पाच-सहा तास ऊन हवे. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून थंडी सरताना हलकी छाटणी करावी. कुंडी कधी कोरडी ठणठणीत, कधी चिखल, असे झाले की कळ्या गळतात. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसताच तो भाग पाण्याच्या धारेने धुवावा किंवा कापून टाकावा. शेणखत थोडे आणि वेळच्या वेळी पुरते.

१७/ थंड देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मिलरची अडचण ध्यानात ठेवावी. तेथे जास्वंद कुंडीतच लावावी, रात्रीचा पारा १० अंशांकडे झुकू लागला की घरात उजेडाच्या खिडकीशी आणावी आणि हिवाळ्यात पाणी कमी करावे. तापवलेल्या कोरड्या हवेत लाल कोळी हमखास येतो. पानांची खालची बाजू तपासत राहावे. दव गोठण्याचे दिवस संपल्यावरच कुंडी पुन्हा बाहेर न्यावी.

१८/ राजांच्या बागांचा इतिहास फर्मानांत आणि चित्रांत सापडतो. जास्वंदीचा इतिहास मागणाऱ्या आणि देणाऱ्या हातांत आहे. त्या हातांची नावे गेली, झाड उरले. बी नसलेल्या झाडाच्या साखळीतील एक कडी तुटली, की त्या अंगणाची स्मृती तेथेच संपते. रहाटणीत पुढचे घर पाडले जाईल, तेव्हा जेसीबी येण्याच्या आदल्या संध्याकाळी एक कात्री आणि ओले फडके पुरेसे आहे.

(समाप्त)