गव्हाच्या कोठारातील भूक

१/ १९६० च्या दशकात पीएल-४८० कायद्याखाली आलेला अमेरिकी गहू मुंबई बंदरात उतरत होता आणि रेशनच्या रांगांतून घरोघरी पोहोचत होता. त्याच काळात, एप्रिल १९६७ मध्ये, सिनेटर रॉबर्ट केनेडी मिसिसिपी राज्यातील झोपड्यांत पोटे फुगलेली उपाशी मुले पाहत होते. जगाला धान्य देणाऱ्या देशातील या भुकेशी तेथील धर्मसमुदाय कसे झुंजले, त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ ही भूक धान्याच्या टंचाईतून आलेली नव्हती. फूड स्टॅम्प योजनेचा कायदा १९६४ मध्येच झाला होता. मात्र स्टॅम्प मिळविण्यासाठी कुटुंबाला आधी रोख रक्कम भरावी लागे. यंत्रे आणि तणनाशके आल्यामुळे कापसाच्या शेतांतील मजुरी गेलेल्यांकडे रोकडच नव्हती. जो सर्वांत गरीब, तोच योजनेबाहेर राहिला.

३/ १९६७ मध्ये ॲरिझोनातील फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल हे कॅथलिक स्वयंसेवक अन्नछत्रात काम करीत होते. दुकानांनी टाकून दिलेल्या चांगल्या अन्नावर मुले पोसणाऱ्या एका आईशी झालेल्या बोलण्यातून त्यांना कल्पना सुचली : बँकेत पैसे ठेवतात, तसे अन्न ठेवता येईल. सेंट मेरीज चर्चने एक रिकामी इमारत आणि ३,००० डॉलर दिले. ही अमेरिकेतील पहिली फूड बँक. पहिल्याच वर्षी तिने अडीच लाख पौंडांहून अधिक अन्न वाटले.

४/ न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीतील लुथेरन पाद्री आर्थर सायमन यांचा विचार मात्र वेगळ्या दिशेने गेला. चर्चने दिलेली मदत त्या दिवसापुरती पुरते. उपासमार टिकते ती सरकारी धोरणांमुळे. म्हणून १९७४ मध्ये कॅथलिक व प्रोटेस्टंट सहकाऱ्यांसह त्यांनी ‘ब्रेड फॉर द वर्ल्ड’ ही संघटना देशभर उभी केली. ती अन्नवाटप करीत नसे. लोकप्रतिनिधींना पत्रे लिहिण्यास भाविकांना उद्युक्त करी.

५/ पुढे अनेक चर्चमध्ये दानाच्या तबकात पैशांबरोबर ही पत्रेही अर्पण होऊ लागली. दानाच्या जुन्या विधीला नागरिकत्वाची जोड मिळाली.

६/ १९७६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अन्नहक्काचा ठराव संमत केला. त्याला कायद्याचे बळ नव्हते. खरा बदल १९७७ च्या फूड स्टॅम्प कायद्याने केला. डेमोक्रॅट जॉर्ज मॅकगव्हर्न आणि रिपब्लिकन बॉब डोल या सिनेटरांनी एकत्र येऊन रोख भरण्याची अट काढण्याचा आग्रह धरला. १९७९ पासून ती अट उरली नाही.

७/ १९८१ मध्ये रेगन सरकारने या योजनेला कात्री लावली आणि चर्चच्या तळघरांतील अन्नवाटप केंद्रांवरील रांगा वाढल्या. १९८५ मध्ये लेनर्ड फाइन यांनी ‘माझोन’ ही ज्यू संस्था स्थापन केली. लग्नकार्यासारख्या समारंभांच्या खर्चाचे ३ टक्के भुकेल्यांसाठी द्यावेत, असे तिचे आवाहन होते.

८/ फूड बँकेने त्या रात्रीची चूल पेटवली, हे तिचे मोल निर्विवाद आहे. परंतु मिसिसिपीतील कुटुंबाच्या वाटेतील अडथळा कायद्यानेच दूर झाला. २०२३ मध्येही अमेरिकेतील १३.५ टक्के कुटुंबांना वर्षात कधी ना कधी पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. म्हणूनच तेथील धर्मसमुदायांना आजही दोन्ही कामे करावी लागतात : पिशवी भरणे आणि पत्र लिहिणे.