गोलदिघीच्या काठावरची ब्रँडी

कोलकात्याच्या कॉलेज स्क्वेअरला मी जातो तो जुन्या पुस्तकांसाठी. पण तिथल्या तळ्याशी, म्हणजे गोलदिघीशी आलो की राजनारायण बसू आठवतात. १८४०च्या दशकात हिंदू कॉलेजातली त्यांच्यासारखी हुशार पोरं इथं शीककबाब खात आणि ब्रँडी पाणीही न घालता घेत. चोरून केलेली चैन नव्हे ही. त्यांच्या लेखी ती सुधारणाच होती, सोवळं मोडल्याची जाहीर खूण. मला मात्र त्यात बंडापेक्षा साहेबाची नक्कल जास्त दिसते. या पिण्यानं राजनारायण आजारी पडले, १८४४मध्ये कॉलेज सुटलं. पुढं मेदिनीपूरला हेडमास्तर झाल्यावर त्यांनीच मद्यपान-निवारणी सभा काढली. त्यांचे कॉलेजमित्र मधुसूदन दत्त यांनी १८६०मध्ये अशाच पिणाऱ्या बाबूंवर प्रहसन लिहिलं. मधुसूदनांचा स्वतःचा पेला मात्र काही सुटला नाही. १८७३मध्ये ते कफल्लक अवस्थेत गेले.