स्वप्नातले जागेपण आणि पावशेर तूप

आपल्या कवित्वाचा उगम सांगताना तुकोबा म्हणतात की, नामदेवांनी पांडुरंगासह येऊन आपल्याला स्वप्नात जागे केले आणि कवित्वाचे काम सोपविले. या शब्दयोजनेचे दोन अर्थ संभवतात. स्वप्नातून जागे केले, हा सरळ अर्थ. स्वप्न चालू असतानाच जागे केले, हा दुसरा; आणि प्रस्तुत लेखकाला तोच अधिक मोलाचा वाटतो.

स्वप्नात असता ‘हे स्वप्न आहे’ असे कळणे, या अवस्थेसाठी ‘ल्युसिड ड्रीम’ ही संज्ञा डच लेखक व वैद्य फ्रेडरिक व्हान एडन यांच्या १९१३ सालच्या निबंधाने रूढ केली. १९७५ साली इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी, निद्रिस्त माणसाने आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून स्वप्नातून दिलेली खूण यंत्रावर टिपली. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी अभ्यासाची एक रीत बांधली: जाग येताच स्वप्न आठवायचे, आणि ‘पुढचे स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न असल्याचे मला आठवेल’ असा संकल्प करून पुन्हा झोपायचे. उशाशी स्वप्नांची वही ठेवणे हे या साऱ्याचे पूर्वांग. म्हणजे ही साधना मुळात स्मरणाची आहे. (पनवेलजवळ कोन येथे असताना अशी वही महिनाभर ठेवून पाहिली, ती बरीचशी कोरीच राहिली.)

या दृष्टीने तुकोबांचे दुसरे स्वप्न पाहावे. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. गंगास्नानाच्या वाटेवर भेटलेल्या गुरूंनी मस्तकी हात ठेवला, भोजनासाठी पावशेर तूप मागितले, आणि त्याचा स्वप्नात विसर पडला. राघव चैतन्य, केशव चैतन्य ही परंपरा, बाबाजी हे स्वतःचे नाव आणि ‘रामकृष्णहरी’ हा मंत्र, एवढे मात्र लक्षात राहिले. चरित्रकथा रचणारा कोणीही ते तूप वगळता. तुकोबांनी तिथी जपली तसा विसरही जपला. त्या उणिवेमुळेच हे स्वप्न खरे पडलेले वाटते.

शिऊरच्या बहिणाबाईंची (१६२८–१७००) गोष्ट याहून बिकट. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनातून तुकोबांचे अभंग कानी पडले आणि त्यांच्या भेटीचा ध्यास लागला. वय जेमतेम बाराचे. पती वेदपाठी ब्राह्मण, त्यातून कोपिष्ट. शूद्र म्हणविणाऱ्या संताचा उपदेश त्यांच्या घरातील स्त्रीने उघडपणे घेणे अशक्यच होते. तेव्हा तुकोबा आले ते स्वप्नात. तळमळीत, अन्नपाण्यावाचून काढलेल्या दिवसांना तंत्र म्हणणे धारिष्ट्याचे होईल. परंतु झोपण्यापूर्वी चित्त एकाच ठिकाणी खिळविणे, हे दोन्हीकडे समान आहे. फरक असा की, आजच्या साधकाला बहुधा स्वप्न आपल्या कह्यात हवे असते, बहिणाबाईंना कोणी यावे असे वाटत होते.

या दर्शनाकडे दडपलेल्या मनाचे लक्षण म्हणून पाहणारे वाचन अपुरे आहे. बहिणाबाई आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत त्याची नोंद एखाद्या दस्तऐवजासारखी करतात: कार्तिक वद्य पंचमी, रविवार. उपदेश कोणाकडून आणि कधी मिळाला, हे त्यांना पतीपुढे आणि समाजापुढे सिद्ध करावयाचे होते, आणि साक्षीदार म्हणून त्यांच्यापाशी स्वतःच्या स्मरणाखेरीज कोणीही नव्हते. पतीचा क्षोभ झालाच. पुढे त्यांचे मन पालटले, आणि सारे कुटुंब देहूला गेले. तेथे बहिणाबाईंनी तुकोबांना पाहिले, ते उघड्या डोळ्यांनी.